जुना टीव्ही गेम एलईडीवर लावला, पण पूर्वीची मजा येत नाही. गेम बदलला की मी?

उदगीरहून तुम्ही विचारलंय त्यात तीन तक्रारी आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर सापडलेला कॅसेटचा टीव्ही गेम नव्या एलईडीवर चालतो, पण मारिओ सारखा खड्ड्यात पडतो. बंदुकीने एकही बदक मरत नाही. आणि फोनवर तोच मारिओ घेतला तर तो सुसाट पळतो. त्यावरून जुने गेम खरंच भारी होते की नुसती आठवण गोड, असा तुमचा प्रश्न. आठवणीचं नंतर बघू, कारण या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींची कारणं मोजता येतात.

आधी खड्डा. डबा टीव्हीवर, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, चित्र वायरीतून आलं की त्याच क्षणी काचेवर उमटायचं. एलईडी तसं करत नाही. ती चित्र आधी साठवते, मोठं करते, रंग सुधारते, मग दाखवते. शिवाय आपली मशीन साधं, अखंड चित्र पाठवते आणि टीव्हीला वाटतं की हे दोन अर्ध्या चित्रांत आलंय. मग तो ते सांधत बसतो. या सगळ्यात 100 मिलिसेकंद सहज जातात. मारिओ पूर्ण वेगात पळताना दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, अडीच पिक्सेल सरकतो आणि सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर 100 मिलिसेकंद म्हणजे 6 फ्रेम, म्हणजे 15 पिक्सेल. जमिनीतली एक वीट 16 पिक्सेलची असते. थोडक्यात, तुम्हाला तो कडेवर दिसतो तेव्हा तो जवळजवळ एक वीट पुढे गेलेला असतो. बोटं तीच आहेत, टीव्ही उशिरा सांगतोय.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन एव्ही इनपुटसाठी गेम मोड चालू करा. तो सापडला नाही तर नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असं जे जे असेल ते बंद करा. चित्राचा आकार 4:3 ठेवा, नाहीतर मारिओ जाडा दिसतो. चित्र काळं-पांढरं येत असेल तर कलर सिस्टिम ऑटोवरून काढून हाताने पाल आणि एनटीएससी या दोन्ही पद्धती लावून बघा, एकात रंग येईल.

टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकं नसून एकच बारीक एव्ही भोक असेल तर टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरा. बाजारातल्या वायरींत आतल्या कड्यांचा क्रम वेगवेगळा असतो. चित्राऐवजी स्पीकरमधून घर्रर्र आवाज आला की समजायचं, चित्र आवाजाच्या तारेत गेलंय. पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्यात घालून बघायची. एचडीएमआयशिवाय काहीच नसेल तर कन्व्हर्टर डबी लागते. घेताना वाचून घ्या: 'एव्ही टू एचडीएमआय' पाहिजे, उलटी नको. दोन्ही दिसायला सारख्या असतात आणि उलटी डबी घरी आणून मशीनला शिव्या घालणारे पुष्कळ. डबीला चार्जरचे 5 व्होल्ट द्यावे लागतात, आणि थोडा उशीर ती स्वतःही वाढवते.

आता फोनवरचा सुसाट मारिओ. हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे तुमची आठवण शंभर टक्के बरोबर असू शकते. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही 60 हर्ट्झचे, आपले पाल पद्धतीचे, 50 हर्ट्झचे. आपली मशीन बहुतेक जपानच्या फॅमिकॉम या मशीनची नक्कल. पालसाठी बनवलेल्या अशा नकली मशीनवर गेम सेकंदाला 60 ऐवजी 50 पावलं टाकतो. म्हणजे तुम्ही लहानपणी खेळलात तो मारिओ खरंच हळू असणार, आणि फोनवरचा त्याच्यापेक्षा 20 टक्के वेगवान. आपलं मशीन कोणतं ते तपासायला घड्याळ पुरतं. पहिल्या लेव्हलला सुरुवातीच्या जागेवर मारिओ नुसता उभा ठेवा. हलला नाही तर तिथे कुणी शत्रू येत नाही. वरचा टाइम 400 वरून 300 व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. 40 लागले तर 60 हर्ट्झ, 48 लागले तर 50. फोनवर तोच जुना वेग हवा असेल तर रेट्रोआर्च या जुने गेम चालवणाऱ्या अ‍ॅपमध्ये एफसीईयूएमएम कोर (हे मशीन चालवणारा भाग) घ्या आणि त्याच्या पर्यायांत रीजन 'डेंडी' करा. डेंडी हे रशियात खपलेल्या अशाच नकली मशीनचं नाव. ब्लूटूथचा रिमोट मात्र नको, तो पुन्हा उशीर आणतो. ओटीजीने वायरचा जोडा.

बंदुकीचा नाद एलईडीवर सोडून द्या. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो, आणि तोही ट्यूबच्या रेषा ज्या गतीने उमटतात, सेकंदाला साधारण 15,700, त्याच लयीचा. एलईडीचा उजेड उशिरा येतो आणि त्याला ती लय नसते. भंगारवाल्याकडे डबा टीव्ही मिळाला तर बदकं पहिल्या दिवशी मरतील. पण तो टीव्ही स्वतः उघडायचा नाही, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहतात.

कॅसेटीत फुंकर मारणं आपल्या पिढीचा संस्कार असला तरी बंद करा. फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून परत घातली म्हणून टोकं घासली जातात आणि गेम लागतो. तोंडातली ओल मात्र तांब्यावर काळा-हिरवा थर चढवते. मोबाइल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कानकाडी त्यात बुडवून पट्ट्या पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. काळा डाग हटला नाही तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर, थिनर, पेट्रोल यातलं काही नको. दहा मिनिटं वाळू द्या.

आणि अ‍ॅडॉप्टर. ही मशीन बहुतेक 9 व्होल्टची, पण मधली पिन प्लस की मायनस हे प्रत्येकाचं वेगळं. जपानच्या मूळ फॅमिकॉमला, जो 1983 साली आला, मधली पिन मायनस होती. मशीनच्या बुडाशी खूण असते, ती बघितल्याशिवाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर खुपसू नका. आत 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर 9 चे 5 करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून टाकतो. मे महिन्यात 42 अंशात, वर कापड झाकून मशीन चालवलं की चित्र गोठतं ते यामुळे. चित्रात वर सरकणारे पट्टे आणि गुणगुण असेल तर मोठा कपॅसिटर वाळलाय. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, असा बसवून घ्या. पांढरी पट्टी मायनसकडे.

एवढं झालं की मग जुने भारी की नवे, ते ठरवा. माझं मत सरसकट नाही. 1985 चा मारिओ 40 केबीत बसतो, कुणाच्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही लहान. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग बदललेला. तरी उडी इतकी नेमकी की आजही कंटाळा येत नाही. काँट्राही टिकतो. पण रोड फायटर आणि बदकं दहा मिनिटांत संपतात, ते तेव्हा चालले कारण दुसरं काही नव्हतं. '9999999 इन 1' कॅसेटमध्ये तरी काय, मोजके गेम आणि तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले.

नव्यांत उडी मारायचा गेम हवा तर 2018 चा सेलेस्ट बघा. पाय कडेवरून सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारू देतो, जुन्यात ही दया नव्हती. नव्यांशी माझं भांडण वजनावरून आहे. 100 जीबीचा गेम रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर उतरवायचा तर 67 दिवस. जुन्याचं बटण दाबलं की दोन सेकंदांत खेळ.

मुलाला दाखवायचा असेल तर मारिओत एक गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर तो तिसऱ्यांदा मेला की उठून जाईल: गेम ओव्हर झाल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. काँट्रा दोघांनी खेळा, पण आधी दुसरा रिमोट उघडून रबरी बटणाखालचा काळा ठिपका आणि त्याच्यासमोरची पट्टी अल्कोहोलने पुसा. बहुतेक वेळा उजवीकडचंच बटण गेलेलं असतं, कारण या गेमांत सगळे उजवीकडेच पळतात.