वासराचं वय

एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगा 34 वर्षांचा आहे. आमच्या पडत्या काळात त्यानं घर सावरलं, कधी बोलून दाखवलं नाही. त्याला पत्र लिहितोय. 'आम्हाला तुझा गर्व आहे' असं लिहिलं, तर बहीण म्हणाली, 'अभिमान' लिही. पुढे 'वात्सल्य' शब्द आला, तर म्हणाली, तो तान्ह्या बाळासाठी असतो आणि आईनं वापरायचा असतो. बरोबर काय?"

'गर्व' आधी खोडा. हिंदीतलं 'गर्व है' उचलून मराठीत आणलेलं हे वाक्य शुभेच्छाफलकांवर, निरोपाच्या भाषणांत, लग्नातल्या मनोगतांत इतक्यांदा कानावर पडतं की ऐकून ऐकून जीव विटला. मराठीत गर्व चढतो, गर्व उतरतो, गर्वाचं घर खाली असतं. ज्याला 'गर्विष्ठ' म्हणतात तो माणूस कुणाला आवडत नाही. ज्या भाषेत या शब्दाचा सगळा गोतावळा असा आहे, तिथे तो पोराच्या प्रेमापोटी लिहायचा नाही. 'अभिमान'ही पूर्वी फार निर्मळ नव्हता. सांख्य तत्त्वज्ञानाच्या 'सांख्यकारिका' या ग्रंथात अहंकाराची व्याख्याच 'अभिमान' अशी केली आहे. पण मराठीनं तो शब्द धुऊन घेतला, गर्व धुतला नाही. एवढाच फरक, आणि तो पुरेसा आहे.

आता वात्सल्य. तुमच्या बहिणीचं म्हणणं मी अनेक शिकल्यासवरल्यांकडूनही ऐकलं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी चूक आहे. 'आईनं वापरायचा' म्हणणाऱ्यांनी पाणिनीचं 'वत्सांसाभ्यां कामबले' हे सूत्र (5.2.98) पाहावं. 'वत्स' म्हणजे वासरू; त्याला प्रत्यय लागून 'वत्सल', म्हणजे स्नेह असलेला. यावर काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, उदाहरणं देते ती 'वत्सलः स्वामी' आणि 'वत्सलः पिता'. पिता! गाय नाही, आई नाही.

'तान्ह्यासाठी' हा गैरसमज कुठून आला असावा, त्याचाही माग लागतो. विश्वनाथानं 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात 'वत्सल' हा वेगळा रस मानला. हा रस कशानं उद्दीपित होतो, तर पुत्राच्या हालचालींनी आणि त्याच्या 'विद्याशौर्यदयादयः', म्हणजे विद्या, शौर्य, दया वगैरेंनी. आता सांगा, विद्या, शौर्य आणि दया पाळण्यातल्या बाळाच्या ठायी असतात की तुमच्या 34 वर्षांच्या मुलाच्या? त्यानं घर सावरलं आणि बोलून दाखवलं नाही, यात शौर्यही आहे आणि दयाही. व्याख्या इतकी ऐसपैस करून विश्वनाथानं उदाहरण मात्र रघुवंशातल्या बाळ रघूचं दिलं: दाईचं बोट धरून चालणारा, बोबडे बोल बोलणारा. झालं, पुढच्या सगळ्यांनी व्याख्या सोडली आणि उदाहरण धरून ठेवलं. या एका श्लोकानं वात्सल्याला रांगतं ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरी गंमत 'वत्स' शब्दातच आहे. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या उणादिसूत्रांची परंपरा तो 'वद्', बोलणे, या धातूपासून काढते. मला हे कधीच पटलेलं नाही. हंबरतं म्हणून वासरू, तर मग गाय काय मुकी असते? 'वत्स'च्या शेजारी 'वत्सर' आणि 'संवत्सर' उभे आहेत, तिकडे पाहायचं सोडून धातू कसले शोधायचे? वत्स म्हणजे मुळात वर्षाचं जनावर. ग्रीकमध्ये वर्षाला 'एतोस' म्हणतात, तो याच घरातला. संस्कृतात 'परुत्' म्हणजे गेल्या वर्षी, त्याच्या शेपटीतला 'उत्' तोच. लॅटिनमध्ये तर याच मुळापासून 'वितुलुस' म्हणजे वासरू आणि 'वेतुस' म्हणजे जुना, म्हातारा. वासरू आणि म्हातारा एका मुळाचे! आपण 'व्हेटरन' म्हणतो तो वेतुसचाच वंशज, आणि आपलं 'वासरू' आलं 'वत्सरूप'मधून. दोघं सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्की.

काशिकाकार म्हणतात की 'वत्सल' शब्दात वासराचा अर्थ उरलेलाच नाही. व्याकरणापुरतं ठीक आहे, पण मी इथे त्यांच्याशी भांडेन. वासरू नसेल, तर वर्ष आहे. ज्याची वर्षं आपण मोजत आलो तो वत्स, आणि मोजणाऱ्याचं प्रेम ते वात्सल्य. पहिल्या वर्षावरच मोजणं थांबवा, असं शब्दात कुठेही लिहिलेलं नाही.

त्यातही मला सर्वांत आवडतो तो 'वत्सतर'. एरवी 'तर' म्हणजे अधिक: लघुतर, गुरुतर. इथे उलट. पाणिनी (5.3.91) सांगतो की वत्स, उक्षन् (बैल), अश्व, ऋषभ (वळू) यांना हा प्रत्यय 'तनुत्व', म्हणजे पातळपणा, दाखवायला लागतो. काशिका उलगडून सांगते: पहिल्या वयातला तो वत्स, आणि ते वत्सपण पातळ होऊन दुसऱ्या वयात आलेला तो वत्सतर. आपल्याकडचा गोऱ्हा म्हणा. दूध सुटलं, शिंगं फुटली, मानेला जोर आला. वत्सपण पातळ झालं, पण शब्दातून 'वत्स' गेला नाही. वाढलेल्या मुलाकडे पाहताना आईबापाला जे दिसतं ते इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि तो मराठीत रुळला नाही याची मनापासून हळहळ वाटते.

तुमचं पत्र राहिलंच. 'वात्सल्य' बिनधास्त लिहा. 'अभिमान' चालेल, पण तुमच्या जागी मी 'कौतुक' लिहीन. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, नवल. 'हा एवढा कधी झाला' हे नवल अभिमानात मावत नाही, कौतुकात मावतं. आणि त्याच्या नावाआधीचं 'चि.' गाळू नका. मुलगा मोठा झाला म्हणून ते सोडून देणारे आईवडील हल्ली बरेच दिसतात. चिरंजीव म्हणजे पुष्कळ जगणारा. 34 मोजून झाली, पुढची त्या एका अक्षरात मागायची आहेत.