सरासरी भरली, तरी पीक सुकते? पावसाचा खंड मोजा

प्रश्न: आमच्या तालुक्यात 89 टक्के पाऊस झाल्याचे सांगतात, पण सोयाबीन दुपारी माना टाकते आहे. तालुका दुष्काळात बसेल का? तोवर काय करावे?

उत्तर: टक्केवारीवर थांबू नका. समजा, जून ते ऑगस्टची सरासरी 450 मिमी आणि पाऊस झाला 400 मिमी. तूट 11 टक्के, आणि हवामान विभाग 19 टक्क्यांपर्यंतची तूट 'सामान्य' धरतो. पण त्यातले 150 मिमी जुलैच्या दोन दिवसांत कोसळले असतील, तर बरेचसे पाणी ओढ्याने वाहून गेले. ऐन फुलोऱ्यात पाऊस नसला की आकडा सामान्य आणि रान कोरडे, असेच होते.

म्हणून तालुक्याचा आकडा सोडून आपल्या महसूल मंडळाचा (तालुक्यातील काही गावांचा गट) रोजचा पाऊस पाहा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तो मिळतो. आठवडावार बेरीज करून त्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. सलग 3 ते 4 आठवडे निम्म्यापेक्षा कमी पाऊस म्हणजे खंड. दुष्काळाच्या पहिल्या निकषात तुटीबरोबर हा खंडही धरला जातो. पुढे पेरणीक्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती, जमिनीतील ओल, धरणसाठा व भूजल तपासतात आणि शेवटी तालुक्यातील 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवर पिकाची नोंद) मात्र वेळेत कराच. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पुढे मदतीच्या वेळी अडचण येते.

2023 मध्ये 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाल्यावर उरलेल्या भागात मंडळनिहाय सवलती दिल्या गेल्या. तिथे कसोटी होती सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिमीहून कमी पाऊस. मंडळाच्या आकड्याचे मोल यातून कळते.

मंडळाचे पाऊस मोजण्याचे केंद्र लांब असेल तर शेतात स्वतः मोजा. सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे घ्या. निमुळते भांडे चुकीचा आकडा देते. झाड किंवा घर जितके उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ते ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने खोली मिमीमध्ये मोजून, लिहून, पाणी ओता. ही नोंद सरकारी आकड्याची जागा घेणार नाही, पण पाहणी पथकापुढे तारखांसह बोलता येते.

आता पिकाचे. 15 सेंमी खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होत असेल तर अजून ओल आहे: हलकी कोळपणी करून भेगा बुजवा आणि 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मिसळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. माती भुरभुर सुटत असेल तर फवारणीवर पैसे घालू नका, तिथे पाणीच हवे. विहिरीत थोडे असेल तर एकाआड एक सरीने, आधी फुलोऱ्यातल्या आणि शेंगा भरणाऱ्या पिकाला द्या.