सोळा पानं कमी असलेलं पुस्तक

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की माझ्या वेबकॉमिकमधल्या ताराच्या उशाशी दिसणारं ते कोपरे झिजलेलं पुस्तक खरंखुरं आहे, माझ्याच कपाटातलं आहे. आणि मुलांसाठीच्या जुन्या साहसकथा तुमच्यापैकी कुणी जपून ठेवल्या असतील तर कळवा. एरवी पत्रांत विचारणा असते ती पुढच्या भागाची. या वेळी पत्रांबरोबर पुस्तकांचे फोटो आले, पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी शाईने लिहिलेली नावं आली, एकीने तर मुखपृष्ठाची पेन्सिलीने काढलेली नक्कल पाठवली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण वाचलं सगळं, आणि काही पत्रं दोनदा.

प्रश्न : नॅन्सी ड्रू या इंग्रजी रहस्यकथांतल्या गुप्तहेर मुलीच्या पहिल्या पुस्तकावरून आम्हा बहिणींचं कित्येक वर्षं भांडण आहे. ताई म्हणते नॅन्सी सोळा वर्षांची, मी म्हणते अठरा. तिला आठवणारे प्रसंग माझ्या पुस्तकात नव्हतेच. कोण चुकतंय?

कुणीच नाही. तुम्ही दोघींनी एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं वाचलीत.

‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ पहिल्यांदा आलं १९३० साली. १९५९ पासून प्रकाशनसंस्थेने नॅन्सीची आणि हार्डी बॉइज या गुप्तहेर भावांची जुनी पुस्तकं एकेक करून नव्याने लिहून घेतली. पंचवीस प्रकरणांची वीस केली, वर्णनं छाटली, वेग वाढवला. नाव मात्र जुनंच ठेवलं. त्यामुळे ताईंच्या हाती जुनी प्रत आली आणि तुमच्या हाती नवी, एवढंच झालंय. दोन्ही प्रती घरात असतील तर प्रकरणं मोजा. पंचवीस भरली तर ती सोळा वर्षांची नॅन्सी, वीस भरली तर अठराची.

मला हे कळलं ते गाडीमुळे. ताराच्या स्वप्नात नॅन्सीची निळी मोटार येते असा एक भाग काढत होते. एका प्रतीत ती रोडस्टर, म्हणजे जुन्या धाटणीची, दोन माणसांपुरती उघडी गाडी. दुसऱ्या प्रतीत कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता-मिटता येणारी. एकीचे चाकांवरचे पत्रे फुगीर, पायऱ्या बाहेर काढलेल्या. दुसरी लांबट, सपाट. ती एक चौकट मी तीनदा खोडली. शेवटी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि त्या दिवशी चित्र काढायचं राहूनच गेलं. मला विचाराल तर सोळाची नॅन्सी जास्त धीट आहे. ती मोठ्यांना तडकाफडकी उत्तरं देते, मनात आलं की निघते. अठराची फार शहाण्यासारखी वागते. ताईंना हे जरूर सांगा, पण जिंकल्याचा आनंद त्यांना थोडाच मिळू द्या.

प्रश्न : नॅन्सीच्या पुस्तकांवर जिचं नाव असतं त्या कॅरोलिन कीन या लेखिकेबद्दल आणखी कुठे वाचता येईल? तिचा फोटो कुठेच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण त्या नावाची बाई नव्हतीच. एडवर्ड स्ट्रॅटेमेयर नावाचे गृहस्थ अशा पुस्तकांचा कारखानाच चालवायचे. कथेचा आराखडा ते तयार करत, लेखन दुसऱ्याकडून करून घेत, आणि मुखपृष्ठावर एक ठरावीक टोपणनाव छापत. पैसे एकरकमी, हक्क संस्थेचे, आणि खरं नाव गुप्त. हार्डी बॉइजचे ‘फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन’ म्हणजे सुरुवातीच्या बऱ्याच पुस्तकांपुरते लेस्ली मॅक्फार्लेन हे कॅनडातले पत्रकार. नॅन्सीची पहिली पुस्तकं लिहिली मिल्ड्रेड वर्ट यांनी, पुढच्या मिल्ड्रेड बेन्सन. पहिल्या पुस्तकाचे त्यांना १२५ डॉलर मिळाले. पुस्तक बाजारात आलं आणि काही दिवसांतच स्ट्रॅटेमेयर वारले. नॅन्सीचं पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. धंदा मुलींनी सांभाळला. बेन्सनबाईंचं नाव उघडपणे लोकांसमोर आलं ते १९८० मध्ये, प्रकाशकांच्या आपसातल्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली तेव्हा. म्हणजे पन्नास वर्षांनी.

माझ्या प्रत्येक भागाखाली माझी सही असते आणि दुसऱ्या दिवशी तुमची पत्रं येतात. बेन्सनबाईंना एवढी वर्षं कुणी लिहिलं असतं तर ते कॅरोलिन कीनला लिहिलं असतं. म्हणून कॅरोलिनचा फोटो शोधू नका, मिल्ड्रेडचा शोधा.

प्रश्न : मी सातवीत आहे. तुम्ही गोष्ट नेमकी नको तिथे थांबवता. कुठे थांबायचं हे कसं ठरवता?

नको तिथे, म्हणजे बरोबर जागी थांबले! ही युक्ती त्या जुन्या पुस्तकांचीच. प्रकरण संपताना दार करकरलं पाहिजे, दिवा विझला पाहिजे. माझा नियम थोडा वेगळा आहे. मी भाग संकटावर थांबवत नाही, ताराने काहीतरी ठरवलं की थांबवते. तिने कड्यावरून उडी मारायचं ठरवलं, एवढं तुला दिसतं. उडी पुढच्या आठवड्यात.

आणि कधीकधी पुढे काय ते मलाही माहीत नसतं. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ मध्ये पावसाळी दिवसांत आपल्या सावत्र मुलाबरोबर एका बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ उगवलं. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली, आणि मग एकदम सगळं आटलं. गोष्ट मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः यायची होती! पुढे जागा बदलल्यावर ती पुन्हा वाहू लागली. पुस्तकाच्या वेळी तो नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही, तेव्हा त्यांना आपलीच गोष्ट बारकाईने वाचून तो पुन्हा काढावा लागला. अडलं की मीसुद्धा ताराच्या बेटाचा नकाशा काढून बसते. तू गोष्ट लिहीत असशील तर आधी नकाशा काढ, आणि त्यात एक जागा अशी ठेव जिथे काय आहे ते तुलाही माहीत नाही.

प्रश्न : माझ्या पुस्तकाची पानं तपकिरी होऊन तुटताहेत. काय करू?

सेलोटेप मुळीच नको. तिचा गोंद कागदात मुरतो आणि नंतर काढता येत नाही. लॅमिनेशनही नको. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातल्या आम्लामुळे आतूनच ठिसूळ होतो, ते उलटवता येत नाही, फक्त लांबवता येतं. उजेड आणि दमटपणा टाळा, आम्लरहित कागदाच्या खोक्यात आडवं ठेवा, उघडताना दोन्ही पुठ्ठ्यांना खालून आधार द्या. आणि आजच सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न : लहानपणी मला ही पुस्तकं जीव की प्राण होती. आता मुलाला वाचून दाखवताना काही पानांवर लाज वाटली. देऊ की नको?

ही लाज मलाही वाटली आहे. १९३० च्या त्याच पहिल्या पुस्तकात तलावाकाठच्या बंगल्याचा राखणदार कृष्णवर्णीय आहे, आणि तो दारुडा, हास्यास्पद बोलणारा असा रंगवलाय. नव्या लेखनात तो कृष्णवर्णीय उरलाच नाही. अपमान काढून टाकला, पण माणूसही काढून टाकला. त्याला शहाणा, सावध राखणदार करता आलं असतं. हे मला आजही सलतं.

मुलगा एकटा वाचणार असेल तर थोडं थांबा. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर त्या पानावर थांबून सरळ सांगा, की हे लिहिणाऱ्याने या माणसाशी अन्याय केलाय. मुलांना अन्याय फार लवकर कळतो. मला कळायला मात्र एका वाचक बाईंचं पत्र यावं लागलं. माझ्या कॉमिकमधल्या तिन्ही खलनायकांच्या चेहऱ्यावर भाजल्याचे किंवा जखमेचे व्रण होते. त्यांच्या मुलीच्या गालावर भाजल्याचा डाग आहे, आणि तिने विचारलं होतं, “मी पण वाईट आहे का?” ती खूण मी लहानपणच्या पुस्तकांतून उचलली होती, विचार न करता. त्या सगळ्या चौकटी मी पुन्हा काढल्या. आणि आता ताराच्या होडीवर जी वाटाड्या मुलगी आहे, तिच्या गालावर तसा डाग आहे.

प्रश्न : माझ्या लहानपणीच्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं गहाळ आहेत. तीस वर्षं मी शेवट मनानेच रचतोय. तुमच्याकडे ते पुस्तक आहे का?

सोळाच पानं गेली याचं कारण शिवणीत आहे. मोठा कागद घडी घालून त्याची बहुधा सोळा पानांची जुडी करतात आणि अशा जुड्या एकत्र शिवतात. शेवटची शिवण उसवली की सोळाच्या सोळा जातात.

माझ्याकडे ते पुस्तक नाही, पण गेल्या महिन्यात आलेल्या एका पत्रात त्याच आवृत्तीच्या मुखपृष्ठाचा फोटो होता. त्या बाईंना विचारलं. त्यांनी सोळाही पानांचे फोटो काढून पाठवले, एकाही ओळीवर बोटाची सावली न पाडता. ते तुमच्या पत्त्यावर बंद पाकिटात पाठवतेय. मी वाचलेले नाहीत. उघडण्याआधी एक करा : तीस वर्षं रचलेला तुमचा शेवट कागदावर लिहून काढा आणि मला पाठवा. त्या बाईंनाही तो वाचायचा आहे.