सेन्सर नवा, तरी पी०३२५ परत आला? आधी वायर तपासा

नवा नॉक सेन्सर बसवल्यावर तीन दिवस गाडी छान पळाली, चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला, कोड तोच पी०३२५, चढावर गाडी ओढत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कृपया आणखी एक सेन्सर आणायची घाई करू नका.

पी०३२५ चा अर्थ 'सेन्सर गेला' असा नाही. सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांगतोय. त्या सर्किटमध्ये कनेक्टर, वायर आणि वायरीवरचं शिल्डिंगही (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) आलं. तीन दिवस सगळं ठीक राहिलं, यावरून मला तरी कुठेतरी सुटणाऱ्या-जोडणाऱ्या संपर्काचा संशय येतो.

हा सेन्सर म्हणजे नॉकिंग (इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी कडकड) ऐकायला इंजिन ब्लॉकला लावलेला कान. आतल्या पिझो क्रिस्टलवर कंपनं आली की तो बारीकसा व्होल्टेज देतो. ईसीयूला हे ऐकू येईनासं झालं की तो धोका पत्करत नाही, ठिणगी उशिरा पाडतो. तुमच्या गाडीचा जोर त्यातच गेलाय.

माझ्या गाडीतही सेन्सर बदलून कोड गेला नव्हता. शेवटी कनेक्टर काढून टॉर्च मारली, तर एका पिनेवर हिरवट थर. त्याच्या मागची वायर बाहेरून धड दिसत होती, पण बोटांनी वाकवली की एका जागी पिचपिचीत लागायची. तिथलं आवरण सोललं, तर आतली तांब्याची तार काळी पडून जेमतेम दोन-चार धाग्यांवर टिकलेली. म्हणून आधी बॅटरी सोडा, मग ईसीयूचा प्लग काढा आणि सेन्सरच्या प्लगपासून तिथपर्यंत मल्टिमीटर लावा. रीडिंग एक ओहमच्या आसपास यायला हवं. खरी तपासणी पुढे आहे: मीटर लावलेला असतानाच वायर इंच-इंच हलवत जा. आकडा उडाला की जागा सापडली. जोड सोल्डरनेच द्या, नुसती टेप गुंडाळू नका, आणि शिल्डिंगही जोडा. नाहीतर शेजारच्या इग्निशन वायरींचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.

वायर चांगली निघाली तर बोल्टकडे या. मधोमध भोक असलेल्या बऱ्याच सेन्सरना २० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. अंदाजाने आवळलेला बोल्ट सैल राहिला काय किंवा जास्त बसला काय, सेन्सरला नीट ऐकू येत नाही. खालची जागा घासून चकचकीत करा आणि मॅन्युअलमध्ये नसेल तर वॉशर घालू नका.

सेन्सरचीच शंका असेल तर मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिनांना लावा आणि शेजारी ब्लॉकवर पान्याने हलकं ठोका. सेन्सरवर मात्र कधीच ठोकू नका. आकडा उसळला तर सेन्सर जिवंत आहे. फक्त ओहम मोजून निकाल देऊ नका. कित्येक चांगल्या सेन्सरचा रोध इतका जास्त असतो की साधा मीटर 'ओपन' दाखवतो.

चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर कडकड ऐकू येत असेल तर ते खरं नॉकिंग आहे. मग इंधनाचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता), आतला कार्बन आणि इंजिनाचं तापमान बघावं लागेल.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवरचा फ्रीझ फ्रेम डेटा (कोड आला त्या क्षणी ईसीयूने साठवलेले आकडे) टिपून इथे टाका. वायर हलवताना आकडा उडतो का, तेही कळवा.