पार्किन्सन्सचा रुग्ण पडण्याआधी सावध करणारे घड्याळ मिळते का?

आपल्या वडिलांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, सहा महिन्यांत ते दोनदा पडले आणि आता तोल जाण्याआधीच सूचना देणारे एखादे घड्याळ घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या आईची मी नऊ वर्षे शुश्रूषा केली आणि त्या काळात हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाजारातील घड्याळे पडल्यानंतरचे काम करतात. ॲपल वॉचमध्ये २०१८ पासून अशी सोय आहे की जोरात पडलेला माणूस काही वेळ हालला नाही, तर घड्याळ स्वतःच मदतीसाठी फोन लावते. वडील दुपारी घरी एकटे असतील तर हे मोलाचे आहे, पण याला पूर्वसूचना म्हणता येणार नाही.

पूर्वसूचनेवरचे संशोधन मुख्यतः कंबर, पाऊल आणि नडगीवर बांधलेल्या संवेदकांवर (सेन्सरवर) चालते. चालताना पायाची हालचाल सेकंदाला तीनपेक्षा कमी आवर्तनांची असते; या आजारात चालताना मध्येच पाय जमिनीला खिळतात आणि तोल जातो, तेव्हा मात्र ते जागच्या जागी तीन ते आठ आवर्तनांनी थरथरतात. या दोहोंचे गुणोत्तर काढून पाय खिळल्याचे ओळखण्याची पद्धत २००८ मध्ये मांडली गेली. मनगटावरून हे ओळखणे अवघड जाते, कारण हाताचा कंपही साधारण चार ते सहा आवर्तनांचा, म्हणजे त्याच पट्ट्यातला असतो. दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासांत पावलांची लय आणि वळण्याची गती मोजून पुढील काही महिन्यांत किंवा वर्षांत रुग्ण पडण्याची शक्यता वर्तवली जाते. त्यातून ‘आत्ता, या पावलाला’ असा इशारा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गेल्या वर्षभरात पडणे, गेल्या महिन्यात पाय खिळणे आणि चालण्याचा वेग सेकंदाला १.१ मीटरपेक्षा कमी असणे, या तीनच गोष्टींवरून धोक्याचा अंदाज बांधणारी पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तिला सेकंद दाखवणारे साधे घड्याळ आणि मोजपट्टी पुरते. आपले वडील दोनदा पडले आहेत, म्हणजे त्यांच्या बाबतीत भाकीत आधीच झालेले आहे. आता ते कधी आणि कुठे पडतात, हे शोधायला हवे.

मी आईसाठी एक साधी वही ठेवली होती: वेळ, जागा, आधीची गोळी किती वाजता घेतली आणि त्या क्षणी ती काय करत होती. तीन आठवड्यांत दिसून आले की बहुतेक प्रसंग दुपारी साडेअकराच्या सुमारास, म्हणजे पुढच्या गोळीची वेळ जवळ आलेली असताना, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घडत होते. ती वही पाहून डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या (हे आपल्या मनाने कधीही करू नये) आणि फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून मी उंबऱ्याआधी फरशीवर वीतभर अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. पाय अडला की आई खाली पाहून पहिली पट्टी ओलांडायची आणि पुढची पावले सुटायची.

वडिलांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा, कारण उठताना तो एकदम उतरल्यानेही या आजारात माणसे पडतात. पुण्यात किंवा जवळपास राहत असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाशी अवश्य संपर्क साधावा. तेथे रुग्णाला शुभार्थी आणि काळजीवाहकाला शुभंकर म्हणतात, आणि आपल्याच वाटेने गेलेले अनेक शुभंकर आपल्याला तेथे भेटतील.