एका अवयवाचं जिल्ह्याचं शहर कोणतं?

प्रश्न असा आहे : महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्याच्या मुख्य शहराचं नाव उच्चारताना एकच अवयव (म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, इंग्रजीत सिलॅबल) येतो? उत्तर बीड.

लिहिताना 'बी-ड' अशी दोन अक्षरं दिसतात, पण बोलताना शेवटच्या 'ड'मधला 'अ' गळतो आणि 'बीड्' एका झटक्यात बाहेर पडतं. पेण आणि खेडही तसेच, फक्त ती तालुक्याची गावं. पुणे, ठाणे, धुळे इथे मात्र शेवटी 'ए' आहे, तो गळत नाही, म्हणून दोन.

अशा कोड्यांत आधी विचारून घ्या : अक्षरं मोजायची की उच्चारातले अवयव? नागपूर लिहिताना चार, बोलताना 'नाग्-पूर्' दोनच. पंढरपूर पाचाचं तीन होतं. अभंगाच्या चार चरणांतल्या ६-६-६-४ अक्षरांच्या मोजणीत मात्र लिहिलेलं प्रत्येक अक्षर धरतात, म्हणून तिथे पंढरपूर पुन्हा पाचाचं.

मला सगळ्यात आवडणारी जोडी अहमदनगर आणि अहिल्यानगर. २०२४ मध्ये नाव बदललं तेव्हा अक्षरं सातावरून सहावर आली, म्हणजे नाव कागदावर आखूड झालं. तोंडात मात्र ते लांबलं! 'अह्-मद्-न-गर्' चार, 'अ-हि-ल्या-न-गर्' पाच. मोठ्याने म्हणून बघा, बोटांवर मोजा. उस्मानाबादचं धाराशिव झालं तिथे असा पेच नाही : अक्षरं पाचाची चार, अवयव चाराचे तीन.