लॉकिंग प्लेट लावण्याआधी
मोडलेल्या हाडावर बसवायच्या लॉकिंग प्लेटचा स्क्रू, म्हणजे ज्याच्या डोक्याचे आटे प्लेटच्या भोकातल्या आट्यांत अडकतात तो लॉकिंग स्क्रू, हाडाला प्लेटकडे ओढत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. हाडाचे तुकडे जसे असतील तसेच तो धरून ठेवतो. वाकडे असतील तर वाकडेच. म्हणून रिडक्शन, म्हणजे तुकडे जागच्या जागी जुळवणं, आधी, सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्रावर) दोन्ही बाजूंनी बघून. तुकडे एकमेकांवर दाबून धरणारा लॅग स्क्रू घालायचा असेल तर तोही लॉकिंगच्या आधीच. ड्रिलला दिशा देणारी नळी, म्हणजे ड्रिल गाइड, प्लेटच्या भोकातल्या आट्यांत सरळ बसल्याशिवाय ड्रिल चालवू नकोस. ३.५ मिमी स्क्रूचा शेवटचा पीळ हातानेच, १.५ न्यूटन-मीटरच्या टॉर्क लिमिटरने (तेवढ्या जोरापुढे आवळू न देणाऱ्या साधनाने) दे. पॉवर ड्रिलने आवळलेला टायटॅनियमचा स्क्रू पुढे काढताना जाम झालेला सापडतो. फार जिकिरीचं काम ते! चुरा झालेल्या फ्रॅक्चरला प्लेट लांब घे, मधली दोन-तीन भोकं मोकळी सोड. सगळी भोकं भरणं मला अजिबात पटत नाही. आणि हाड चांगलं, फ्रॅक्चर साधं असेल तर बहुतेकदा साधी, बिनलॉकिंगची प्लेट पुरते. पेशंटचा खर्चही वाचतो.